हात मागे

आमच्या नारायण पेठेतल्या क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी डोकावलात, तर मध्यभागी एक बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी दिसेल. समोर मुलं जमिनीवर बसलेली, त्यांच्याभोवती चाकं, मोटरी, वायरी आणि स्क्रूंचा पसारा, आणि बाई नुसती बघते आहे. नवख्या माणसाला वाटतं, ही तपासणीला आलेली कुणी अधिकारी असेल. तसं काही नाही. ती रुपाली ढोके. मुलांना रोबोंच्या स्पर्धेसाठी तयार करणं हा तिचा व्यवसाय, आणि मुलांच्या रोबोला आपण हात लावायचा नाही हा तिचा धर्म.

मी महिपती. उभी हयात खो-खोचा पंच म्हणून काढली. आता गुडघे कुरकुर करतात, म्हणून शिट्टी खुंटीला टांगली आणि हॉलच्या किल्ल्या सांभाळतो. रुपालीला हॉल द्यायचा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. ज्या हॉलमध्ये पोरांनी जोर काढत फरशी ओली केली, तिथे बॅटरीवरची खेळणी फिरवायची? मी तिला तोंडावर विचारलं, "यात घाम कुठे येतो हो, बाई?"

"एकदा स्पर्धेला या ना काका," ती म्हणाली. "कुठं कुठं येतो ते दाखवते."

पुण्यात उलट उत्तर देणाऱ्यांची कमी नाही. पण बहुतेक जण उत्तर देऊन झालं की इकडेतिकडे बघतात, कुणी ऐकलं का म्हणून. हिनं बघितलं नाही. हॉल मिळाला, आणि किल्ल्यांच्या निमित्तानं मीही रोज तिथे खुर्ची टाकून बसू लागलो.

रुपाली मूळची वाशीमची. अमरावतीला इंजिनियर झाली, नोकरीसाठी पुण्यात आली, हिंजवडीत काही वर्षं संगणकासमोर बसली आणि मग रोबो शिकवणाऱ्या एका बड्या संस्थेत लागली. तिथे स्पर्धेचे रोबो शिक्षकच बनवायचे. मुलं फक्त बटण दाबायची आणि बक्षीस घ्यायची. हिनं बनवलेल्या एका रोबोला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना पाहुण्यांनी मुलाला सहज विचारलं, "बाळा, हे मागचं चाक असं तिरकं का लावलंय?"

"ते पोरगं माझ्याकडं पाहायला लागलं, काका," रुपालीनं मला एकदा सांगितलं. "गळ्यात मेडल अन् चेहरा चोरी पकडल्यासारखा. त्यानं तर काही चोरलं नव्हतं. चोरलं मी होतं, त्याचं." त्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली.

तेव्हापासून हात मागे. वर्गात शिरली की बोटं बोटांत अडकवून पाठीशी बांधते, ती वर्ग सुटेपर्यंत. मुलांना प्रश्न विचारते, चिडवते, प्रसंगी झापते, पण हात पुढे येत नाही. पालकांसाठी फरशीवरचा जुना पिवळा पट्टा ठरलेला. त्याच्या अलीकडे पालक, पलीकडे मुलं. मी म्हटलं, एक पाटी लावू, आमच्या भागात पाटीशिवाय कुणाला काही समजत नाही. ती म्हणाली, "पाटी कशाला? तोंड आहे ना."

आणि तोंड होतं. एखादी आई हळूच पट्टा ओलांडायची. "अहो, तो एवढा स्क्रू फक्त घट्ट करते."

"हात मागे, ताई. तो सैल आहे हे त्यांना कळू द्या."

"पण रोबो पडेल ना!"

"पडेल."

आई परत पट्ट्याच्या अलीकडे. मुलांना हा प्रकार इतका आवडला की ती एकमेकांनाही तसंच दटावू लागली. रुपालीच्या दृष्टीनं आदर्श पालक एकच, मांजरी गावाहून नातीला बसनं घेऊन येणाऱ्या मुक्ताबाई. त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि घटकाभरात झोपी जायच्या.

मुक्ताबाईंची नात अपेक्षा ही स्पर्धेच्या संघातली एक. वडिलांचा मांजरीला ऊस आहे, जेवढा नव्या इमारतींच्या तावडीतून उरला तेवढा. पोरगी आठवीतली, बोलायला फटकळ. दुसरा रोहन, सदाशिव पेठेतला, सदा घाईत. तिसरा आयुष. हा अबोल आणि हुशार, पण काहीही करण्याआधी पिवळ्या पट्ट्याकडे बघायचा. कारण पट्ट्याच्या अलीकडे त्याचे वडील असायचे, रणजितराव.

रणजितराव माणूस वाईट नाही. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलासाठी ऑफिसातून लवकर निघायचे, ट्रॅफिकला शिव्या घालत यायचे आणि पट्ट्याला बुटाची टोकं लावून उभे राहायचे. मुलाची चूक त्यांना बघवत नसे. आयुषनं प्रोग्राममध्ये काही चुकवलं की हे घसा खाकरायचे, आयुष लगेच ते पुसायचा. खेळाडू माझ्यासमोर उभा असताना मैदानाबाहेरून ओरडणारे बाप मी आयुष्यभर पाहिले. त्यांना गप्प करायला माझ्याकडे शिट्टी होती. इथे शिट्टी नव्हती आणि माझा जीव तळमळायचा.

या तिघांनी बनवलेल्या रोबोचं नाव बोका. दिसायला ओबडधोबड, वायरी झिपऱ्यांसारख्या बाहेर आलेल्या. स्पर्धेत एका मोठ्या टेबलावर नकाशा पसरलेला असतो, कडेनं लाकडाची बुटकी भिंत असते, आणि अडीच मिनिटांत रोबोनं आपलं आपण फिरून कुठे दांडा ओढ, कुठे ठोकळा ढकल अशी कामं करायची असतात. बोक्याची खोड म्हणजे चालता चालता तो डावीकडे सरकायचा. मुलांनी त्यावर पंधरवडाभर डोकं फोडलं. रुपाली हात मागे बांधून विचारत राहिली, "मग? सरळ कसं व्हायचं?" शेवटी अपेक्षाला सुचलं. प्रत्येक काम झालं की बोका मागे येऊन भिंतीला पाठ टेकवायचा, पाठ टेकली की आपोआप सरळ व्हायचा आणि मग पुढच्या कामाला निघायचा. जमलं त्या संध्याकाळी तिघांनी असा आरडाओरडा केला की मुक्ताबाई दचकून जाग्या झाल्या.

रणजितराव मात्र हसले. "प्रत्येक वेळी भिंतीला टेकणार? वेळ किती जातो! मॅडम, सेन्सर वापरून एका दिवसात सरळ चालवता येईल. मी करून देतो."

"तुम्हाला येतं हे मला माहीत आहे," रुपाली म्हणाली. "मुलांना येऊ द्या."

तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. आयुषचं हे शेवटचं वर्ष, पुढे नववी. या वेळी राज्य फेरीतून संघ वर गेला नाही, तर आयुष त्या बड्या संस्थेत जाणार, आणि बाकीच्या पालकांशीही त्यांचं बोलणं झालं होतं, सगळी मुलं तिकडेच जाणार. म्हणजे वर्ग संपला. रुपालीला दुसरा आधार नव्हता. वर्ग गेला तर नोकरी धरायची, आणि तिला येणाऱ्या कामाची नोकरी तिथेच होती, जिथे मुलांच्या नावानं शिक्षक रोबो बनवत होते.

"जा म्हणावं," ती मला म्हणाली. आवाज खणखणीत होता, पण त्या संध्याकाळी हॉलला कुलूप तिनं लावलं आणि किल्ली मला द्यायची विसरून गेली.

राज्य फेरी हडपसरच्या पुढे एका कॉलेजात होती. मी शब्द दिल्याप्रमाणे गेलो. आदल्या दिवशी बोका चार्जिंगसाठी आयुषच्या घरी होता, त्यामुळे रणजितरावच त्याला खोक्यातून घेऊन आले. वायरी आज छान एका ओळीत, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या. रुपालीनं त्या पाहिल्या आणि आयुषकडे पाहिलं. तो बुटाची लेस बांधत होता.

फेऱ्या तीन, त्यांतली सर्वांत चांगली धरायची. पहिल्या फेरीला बोका निघाला आणि काय सांगू, सुईसारखा सरळ गेला. दांडा ओढला, ठोकळा ढकलला, वळला, पुन्हा सरळ. भिंतीकडे एकदाही फिरकला नाही. फलकावर आमचा संघ सर्वांत वर चढला. रोहन उड्या मारत होता. मीही माझ्या गुडघ्यांना न विचारता उभा राहिलो होतो.

अपेक्षा तेवढी हलली नाही. "ताई," ती म्हणाली, "हा आपला बोका नाय. ह्यो टेकलाच नाय."

आयुष रडायला लागला. रडत रडत त्यानं सांगितलं की बाबांनी तो झोपल्यावर सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला, सकाळी दाखवला आणि म्हणाले, आत्ता काही बोलू नकोस, जिंकल्यावर सगळे खूश होतील.

रुपाली प्रेक्षकांच्या कठड्यापाशी गेली. रागावली की तिची वाशीमची भाषा वर येते. "काहून हात लावला तुम्ही?"

"मॅडम, सगळेच लावतात," रणजितराव म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. "या हॉलमधला एक तरी रोबो पोरांनी बनवलाय का? बघा तरी! आणि तुमचाच वर्ग वाचतोय ना यात?"

खोटं काय होतं त्यात? आजूबाजूच्या टेबलांवर मोठी माणसं लॅपटॉपवर वाकलेली होती आणि मुलं कडेला वेफर्स खात होती. रोबोला मोठ्यांनी हात लावायचा नाही हा नियम सगळ्यांना पाठ होता, पाळत कुणी नव्हतं. मी पंच माणूस, माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, आता ही तडक पंचांकडे जाईल आणि गुण रद्द करून येईल. मी तिच्या मागोमाग निघालोसुद्धा.

पण ती पंचांकडे गेली नाही. मुलांपाशी आली, हात मागे बांधले. "ऐकलंत सगळं? रोबो तुमचा, फेरी तुमची. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"अहो, हे मुलांनी ठरवायचं असतं का?" न राहवून मी बोललो.

"मी ठरवलं तर तोही माझाच हात झाला, काका," ती म्हणाली. तिच्या पाठीमागची बोटं एकमेकांत इतकी रुतली होती की नखं पांढरी पडली होती. मुलांनी काय ठरवलं म्हणजे आपलं काय होईल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मला तिची दया आली आणि दया आल्याचा रागही आला, कारण ती दया मागत नव्हती.

"ठेवूया ना यार," रोहन म्हणाला. "आपण टॉपला आहोत. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय की," अपेक्षा म्हणाली.

दोघं भांडले. मग आयुषनं नाक पुसलं, कठड्याकडे न बघता लॅपटॉप ओढला, वडिलांचा प्रोग्राम काढून टाकला आणि जुना चढवला. "चला," म्हणाला, "पंचांना सांगून येऊ."

पंच एक तरुण मुलगा होता. त्याला आधी कळेचना. "गुण वाढवायचेत का?"

"नाही, काढायचेत," अपेक्षा म्हणाली. "पहिली फेरी आमच्या रोबोची नव्हती."

"तुमच्या कोच कुठे आहेत? त्यांना बोलवा."

"त्या नाही बोलणार. रोबो आमचा हाय."

त्यानं लांबवर रुपालीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. पंचानं खांदे उडवले आणि फलकावरचं आमच्या संघाचं नाव तळाला गेलं. माझ्या सगळ्या पंचगिरीत स्वतःचे गुण परत करायला आलेला संघ मी पाहिला नव्हता. डोळे भरून आले. शेजारच्या बाईंना मी धुळीची अ‍ॅलर्जी सांगितली.

आता गोष्ट इथे गोड व्हायला हरकत नव्हती, पण दुसऱ्या फेरीत आमचं हसं झालं. शिट्टी वाजली आणि बोका पुढे जायच्या ऐवजी मागेच जोर लावू लागला. पाठ भिंतीला घट्ट चिकटलेली, चाकं जागच्या जागी घासतायत आणि तो अडीच मिनिटं भिंत ढकलत राहिला. हॉलभर हशा पिकला. गुण शून्य.

तिघं आपल्या टेबलाशी येऊन प्रोग्रामवर तुटून पडले. एकेक ओळ वाचली, बदलली, परत फिरवली. चूक सापडेना, कारण चूक तिथे नव्हतीच. रणजितरावांनी वायरी नीटनेटक्या बांधताना डाव्या मोटरीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे खोचली होती, आणि आपला प्रोग्राम त्या हिशेबानं लिहिला होता. मोटरी एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या, त्यामुळे वायरी बदलल्या की पुढे जा म्हटलं तरी बोका मागे जायचा. मुलांच्या प्रोग्रामला ते काय माहीत? हे मला नंतर समजलं. रुपालीला मात्र बोका मागे सरकला त्या क्षणीच समजलं होतं. तिचे डोळे त्या दोन वायरींवर खिळले होते.

तिसऱ्या फेरीचा पुकारा झाला. रोहन रडकुंडीला आला होता. "ताई, फक्त सांगा ना. हात नका लावू, नुसतं सांगा!"

तिनं नकारार्थी मान हलवली. पण मी तिच्या मागेच उभा होतो, म्हणून मला दिसलं. बांधलेली बोटं सुटली. उजवा हात कमरेवरून पुढे आला, टेबलाच्या वर आला, वायरींच्या दिशेनं निघाला. दोन वायरी उपसून अदलाबदल करायची, एवढंच काम. वर्ग वाचत होता, घर वाचत होतं, त्या संस्थेचं तोंड बघायची वेळ टळत होती.

अपेक्षाची मान खालीच होती. तिला तो हात तेवढा दिसला. "ताई," ती म्हणाली, "हात मागे."

रुपालीचा हात थांबला. तिनं तो मागे घेतला, दुसऱ्या हातानं मनगट पकडलं आणि वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिचा चेहरा घामानं निथळत होता आणि मला तिला विचारलेला माझा पहिला प्रश्न आठवून लाज वाटली.

पाठीमागून कट् असा आवाज आला. मग पुन्हा कट्. आयुषनं वडिलांनी आवळलेल्या पट्ट्या कात्रीनं कापल्या होत्या आणि एकेक वायर बोटानं मोटरीपासून वरपर्यंत चाचपत नेत होता. "अरे!" तो ओरडला. "उलट्या आहेत!"

तिघं वायरी बदलून धावत स्पर्धेच्या टेबलाशी पोचले. वायरी पुन्हा झिपऱ्या सोडलेल्या. बोका निघाला, डावीकडे सरकत दांड्यापाशी गेला, ओढला, फिरला, मागे येऊन धप्पकन भिंतीला टेकला. सरळ झाला. पुन्हा निघाला. दर वेळी तो टेकला की तिघं एकदम "टेकला!" म्हणून ओरडायची, आणि चौथ्या-पाचव्या वेळेला माझ्याही तोंडून ते निघालं. वेळ संपली तेव्हा निम्मी कामं व्हायची होती. आम्ही कुठल्या कुठे मागे राहिलो. वर जाणाऱ्या संघांत आमचं नाव नव्हतं.

गाड्या लावल्या होत्या तिथे रणजितराव वाट बघत होते. "झालं समाधान?" ते रुपालीला म्हणाले. "पहिला नंबर हातात होता. मी बोललो होतो, तसंच होईल. सोमवारपासून आयुष येणार नाही."

"ठीक आहे," रुपाली म्हणाली. "बाकीचे गेले तरी ठीक आहे. एक पोरगं उरलं तरी मी वर्ग घेईन आणि कुणीच उरलं नाही तर काकांना शिकवीन. पण आमच्या बोक्याला यापुढंही कुणाचा हात लागणार नाही. तो भिंतीला टेकतच जाईल."

"शेवटी आलात कितवे, ते सांगा."

"आमचे आम्ही आलो ना, तेवढे आलो."

रणजितरावांनी मान झटकली. आयुष बोक्याचं खोकं छातीशी धरून येत होता. खोकं जड, पोरगं किरकोळ, पाऊल अडखळत होतं. रणजितराव पटकन पुढे झाले आणि त्यांनी खोक्याला हात घातला.

"बाबा," आयुष म्हणाला. त्यानं वडिलांच्या डोळ्यांत बघितलं. मी त्या पोराला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. "हात मागे."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. रणजितराव खोक्याकडे बघत राहिले. आत कापलेल्या काळ्या पट्ट्यांचे तुकडे पडले होते, ते त्यांना दिसले असावेत. मग त्यांनी एक हात सोडला, दुसराही सोडला आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

"डिकी उघडली तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

आयुषनं विचार केला. अपेक्षाकडे पाहिलं, रोहनकडे पाहिलं. रुपाली तोंड फिरवून डोळे पुसत होती.

"डिकी चालेल," आयुष म्हणाला. "पण सोमवारी हॉलवर सोडायचं. आणि पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं."

रणजितरावांनी डिकी उघडून धरली. पोरानं खोकं स्वतः आत ठेवलं.